जीपमधली रिकामी सीट

१९८६ च्या दिवाळीत मामाने मस्कतहून आणलेली हिरवी जीप अजून माझ्याकडे आहे. बॉनेटवर पांढरी चांदणी, पाठीला जादा चाक, वर टप नाही. आमच्या गावात तहसील कचेरीसमोर उभ्या राहणाऱ्या जीपसारखीच ती दिसत असल्यामुळे मला तिचे सुरुवातीला फारसे कौतुक वाटले नव्हते. मग मामा म्हणाला, "नुसती जीप नाहीये रे ती, नीट बघ", आणि त्याने ओटीवर बसून तिचे एकेक अंग असे उलगडले की पाच मिनिटांनी तिथे जीप नव्हती, हातात बंदूक घेतलेला यंत्रपुरुष उभा होता. घरातले सगळे जमले. आजीने पदर तोंडाशी धरला. ती पुन्हा जीप कशी करायची हे मामालाही नीट आठवेना, तेव्हा खोक्यातला चित्रांचा कागद समोर धरून मी तो उलटा प्रवास दुपारभर करत बसलो. माझ्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा धंदा त्या दुपारी ठरला असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरतो, कारण त्या वयात मला एसटीचा कंडक्टरही व्हायचे होते.

मला त्या दुपारी खरा प्रश्न पडला तो वेगळाच. उघड्या जीपमध्ये पुढे बसायच्या जागा स्पष्ट कोरलेल्या होत्या, आणि त्यात बसायला मात्र कोणी नव्हते. खोके झटकून पाहिले, पिशवी पाहिली, मामाची बॅगही पाहिली. अंगणात किल्ला बांधलेला होता, त्यावरचा मातीचा मावळा आणून बसवू पाहिला. पण मावळे साच्यातून उभेच निघतात, त्यांना गुडघे नसतात, आणि शिवाय तो त्या सीटच्या मानाने फारच धिप्पाड होता. जीप किल्ल्याच्या पायथ्याशी चालकाविना उभी राहिली. खोक्यावर ट्रान्सफॉर्मर्स हे खेळण्यांच्या मालिकेचे नाव होते आणि तिचे स्वतःचे नाव हाउंड असे होते. खोक्याच्या मागच्या बाजूला लाल रेघोट्यांच्या गिचमिडीत काही आलेख दडवलेले होते आणि ते वाचण्यासाठी सोबत लाल पारदर्शक पट्टी दिलेली होती. ती डोळ्यांशी धरली की ताकद, बुद्धी, वेग, धैर्य वगैरे आठ गुणांचे आकडे दिसत. त्याशेजारी चार ओळींचे व्यक्तिचित्र इंग्रजीत होते, ते मी पुढे पाचवी-सहावीत शब्दकोश घेऊन लावले. त्यात लिहिले होते की हाउंडला पृथ्वी स्वतःच्या ग्रहापेक्षा अधिक आवडते, आणि मनातल्या मनात त्याला माणूस व्हावेसे वाटते.

माणूस व्हावेसे वाटणारे यंत्र आणि त्याच्या पोटात माणसासाठी केलेली रिकामी जागा, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे तेव्हा सुचण्याचे कारण नव्हते. तो संबंध कळायला मला प्लास्टिकच्या मोल्डचे, म्हणजे साच्यांचे, काम शिकावे लागले.

मी गेली पंचवीसहून अधिक वर्षे भोसरीत मोल्ड डिझाइन करतो. या धंद्यातल्या माणसाला कुठलीही प्लास्टिकची वस्तू निरागसपणे पाहता येत नाही. बादली हातात घेतली तरी बोट आपोआप पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याची दोन अर्धी जुळल्याची रेघ, शोधते, तळाशी वस्तू साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे गोल ठसे दिसतात, आणि कडेला फ्लॅश, म्हणजे फटीतून निघालेले जादा प्लास्टिक, सुटलेला असेल तर साचे बनवणाऱ्या कोणा अनोळखी टूलरूमबद्दल मनात दोन शब्द उमटतात. काही वर्षांपूर्वी आईने माळा आवरला तेव्हा ही जीप निघाली. मी ती सवयीने आधी उलटी केली आणि पोटाखाली पाहिले. तिथे दोन नावे शेजारी शेजारी होती, एक जपानी आणि एक अमेरिकन. एका मोल्डवर दोन मालक, हे माझ्या अनुभवात सहसा भांडणाचे लक्षण असते. इथे मात्र ती भागीदारी चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकली आहे, आणि त्या रिकाम्या सीटचा उलगडाही त्या दोन नावांमध्येच होता.

जपानी नाव टाकारा या कंपनीचे. तोक्योच्या कात्सुशिका भागात, जिथे लहानमोठ्या कारखान्यांची दाटी असे, तिथे १९५५ मध्ये ती सुरू झाली आणि व्हिनाइलच्या फुगवायच्या वस्तूंपासून वर आली. अमेरिकन नाव हॅसब्रोचे. पोलंडमधून आलेल्या हॅसनफेल्ड बंधूंनी १९२३ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यात कापडाच्या चिंध्यांचा व्यापार सुरू केला, त्यातून पेन्सिलीच्या पेट्या आल्या आणि पेट्यांतून पुढे खेळणी. हॅसब्रोने १९६४ मध्ये सुमारे तीस सेंटिमीटर उंचीचा जी. आय. जो हा सैनिक बाजारात आणला. मुलग्यांसाठी बाहुली काढायची, पण तिला बाहुली म्हणायचे नाही, ही त्यातली युक्ती. टाकाराने त्याचे जपानी हक्क घेतले, आणि १९७२ मध्ये त्याच सैनिकाचे शरीर पारदर्शक करून आत यंत्रे दाखवणारा हेन्शिन सायबॉर्ग काढला. १९७३ च्या तेलसंकटात प्लास्टिक महागले, तेव्हा तीस सेंटिमीटरचा पुतळा परवडेनासा झाला. मग टाकाराने १९७४ मध्ये सुमारे दहा सेंटिमीटरचा मायक्रोमॅन आणला. सैनिक जपानला गेला, काचेचा झाला, आटला, आणि त्याच्या वंशातून पुढे जे निघाले ते पुन्हा अमेरिकेला परत गेले. या दोन कंपन्यांचे सहकार्य एका करारापासून सुरू झाले असे सांगतात, पण रक्ताचे नाते त्याच्या आधीचे आहे.

१९८० मध्ये टाकाराने डायक्लोन नावाची मालिका काढली. तिच्यात मोठी यंत्रे होती, आणि ती चालवणारे जेमतेम तीन सेंटिमीटरचे चालक होते; ते धातूच्या पत्र्यावर उभे राहावेत म्हणून त्यांच्या पावलांत चुंबक बसवलेले असत. १९८२ मध्ये या मालिकेत खऱ्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या आणि उलगडून यंत्रमानव होणाऱ्या गाड्या आल्या. कोजिन ओनो, हिदेआकी योके, हिरोयुकी ओबारा अशा आरेखकांनी या काळात जे काम केले ते आजही कोणी मोल्डवाला पाहील तर क्षणभर गप्प होईल. माझी जीप त्या गाड्यांपैकी. जपानी मुलाच्या खोक्यात तिच्यासोबत चालक होता. यंत्रमानव हे यंत्रच होते. निर्णय घेणारा, धाडस करणारा, घाबरणारा जो कोणी होता तो त्या सीटवर बसलेला तीन सेंटिमीटरचा माणूस होता.

जीप या गाडीचाही एक प्रवास इथे सांगण्यासारखा आहे. ती मुळात अमेरिकन. विलीज कंपनीच्या परवान्याने मित्सुबिशीने १९५३ पासून ती जपानमध्ये बनवली, आणि महिंद्रने त्याच्याही आधी, १९४७ मध्ये, मुंबईत तिची जुळणी सुरू केली. खेळणे झालेली जीप मित्सुबिशीची. म्हणजे अमेरिकन गाडीचा जपानी अवतार, त्याचे जपानी खेळणे, त्यावर अमेरिकन नाव, आणि ते ओमानच्या दुकानातून महाराष्ट्रातल्या एका ओटीवर आलेले. तिथल्या मुलाला ती तहसीलदाराची जीप वाटली, यात त्याची फारशी चूक नव्हती.

१९८३ मध्ये टाकाराने मायक्रोमॅनच्या घराण्यात आणखी एक शाखा काढली. तिच्यात घरातल्या वस्तू यंत्रमानव होत: कॅसेट प्लेअर, सूक्ष्मदर्शक, पिस्तूल, खेळण्यातली छोटी मोटार. त्याच सुमारास हॅसब्रोच्या लोकांनी ही खेळणी जपानमध्ये पाहिली. या जुळणीत हेन्री ओरेनस्टीन या खेळणी-संशोधकाचे नाव मानाने घेतले जाते. पोलंडमध्ये जन्मलेला, नाझी छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत आलेला, स्वतःची मोठी खेळणी कंपनी उभी करून ती बुडालेली पाहिलेला हा माणूस. त्याने या जपानी गाड्यांत जे पाहिले ते हॅसब्रोच्या प्रमुखांना, स्टीफन हॅसनफेल्ड यांना, पटवून दिले. टाकाराने आपल्या नावाने ही खेळणी अमेरिकेत विकून पाहिली होती, पण ती चालली नव्हती. वस्तू तीच होती. ओरेनस्टीनला दिसले ते एवढेच की वस्तूला गोष्ट नाही.

गोष्ट लिहिण्याचे काम मार्व्हल कॉमिक्स या अमेरिकन चित्रकथा कंपनीकडे गेले. तिथले मुख्य संपादक जिम शूटर यांनी दोन टोळ्यांच्या युद्धाचा आराखडा केला, आणि बॉब बुडियान्स्की या संपादकाने अगदी थोड्या दिवसांत डझनावारी पात्रांची नावे आणि स्वभाव लिहून काढले. खलनायकाचे मेगाट्रॉन हे नाव हॅसब्रोला फार भीतिदायक वाटले, कारण त्यात अणुबॉम्बचा मेगाटन ऐकू येतो. त्यावर, खलनायकाने भीतिदायक असायचेच ना, असे उत्तर देऊन बुडियान्स्कींनी ते नाव टिकवले. पण या सगळ्या लेखनात जी खरी उलथापालथ झाली ती नावांची नव्हती. अमेरिकनांनी चालक काढून टाकला. यंत्र स्वतःच जिवंत आहे, ते दुसऱ्या ग्रहावरून आले आहे, मोटारीचे रूप हे त्याचे सोंग आहे, असे ठरले, आणि चालकाला करण्यासारखे काही उरले नाही. खोक्यातून तो गेला. सीट मात्र गेली नाही, कारण मोल्ड बदलायला पैसे लागतात आणि १९८४ साल दारात उभे होते.

हे मला कळले तेव्हा मराठी रंगभूमीवरचा एक जुना शब्द आठवला. परकीय नाटक आपल्याकडे आणताना आपण भाषांतर आणि रूपांतर यांत फरक करत आलो. भाषांतरात पात्रांची नावे, गावे, थंडी, टोप्या जशाच्या तशा राहतात. रूपांतरात ती माणसे पुण्यातल्या वाड्यात राहायला येतात, चहा पितात आणि मराठीत कुढतात. हॅसब्रोने डायक्लोनचे केले ते रूपांतर. आणि चांगल्या रूपांतरातही कधीकधी मूळ नाटकाची एखादी खिडकी नेपथ्यात तशीच राहते, जिच्यातून नव्या गोष्टीतले कोणीच कधी डोकावत नाही. माझ्या जीपमधली सीट ही तशी खिडकी.

याचे सर्वांत विलक्षण उदाहरण माझ्या जीपचे नाही, तर आयर्नहाइड आणि रॅचेट या दोन पात्रांचे आहे. दोघांचे खेळणे एकाच मोल्डमधले, निसानच्या एका व्हॅनचे. जपानी कल्पनेत ती व्हॅन उलगडल्यावर चालक दर्शनी भागातल्या सीटवर बसून यंत्र चालवत असे, त्यामुळे यंत्राला वेगळे डोके दिलेलेच नव्हते. चालकाचे डोके तेच त्या यंत्राचे डोके. अमेरिकेत चालक गेला आणि यंत्र बिनडोक राहिले. मग काय केले, तर त्या सीटच्या पाठीवर चेहऱ्याचे स्टिकर चिकटवले. सीटच चेहरा झाली. कार्टूनमध्ये दोघांनाही रीतसर डोकी होती, खेळण्यांना नव्हती, आणि दुकानात उभ्या असलेल्या मुलाची त्यामुळे काय अवस्था झाली असेल याची मला कल्पना येते. डिझाइनर म्हणून मला त्या स्टिकरचा राग यायला हवा. मला तो येत नाही. मोल्ड तयार आहे, गिऱ्हाईक बदलले आहे, मुदत उद्याची आहे, आणि कोणीतरी रात्री उशिरा म्हणाले असेल की तिथे एक स्टिकर लावून टाका. अशा रात्री माझ्याही टूलरूमने काढल्या आहेत.

दोन वेगवेगळ्या मालिकांतली खेळणी एका खोक्यात आल्याने मापांचा गोंधळही झाला. डायक्लोनच्या गाड्या खऱ्या गाड्यांच्या कितीतरी पट लहान केलेल्या होत्या, तर मायक्रोमॅनच्या शाखेतल्या वस्तू खऱ्याच मापाच्या होत्या. त्यामुळे लढाऊ विमान आणि कॅसेट प्लेअर उंचीला जवळपास सारखे. गोष्टीत याचे उत्तर असे देण्यात आले की हे यंत्रपुरुष रूप बदलताना आकारही बदलतात, आणि मुलांनी ते विनातक्रार मान्य केले. हनुमंत मशकासमान होऊन लंकेत शिरतो हे ज्यांनी आजीकडून ऐकले आहे त्यांना त्यात अडचण येण्याचे कारण नव्हते.

१९८४ मध्ये अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर्स या नावाने हा प्रकार इतका चालला की टाकाराने १९८५ मध्ये आपलीच खेळणी अमेरिकन गोष्टीसकट परत आणली आणि डायक्लोन बंद केले. माहेरी परत आलेल्या लेकीसारखे त्यांचे बोलणे बदललेले होते, तेव्हा त्यांना पुन्हा जपानी नावे दिली गेली. ट्रकचे रूप घेणारा नायक ऑप्टिमस प्राइम तिथे कॉन्व्हॉय झाला, जॅझ माइस्टर झाला, आणि सज्जनांच्या टोळीला सायबरट्रॉन म्हणू लागले, जे अमेरिकेत त्यांच्या ग्रहाचे नाव होते. रूप बदलण्यासाठी जपानीत दोन शब्द चालतात: माणूस सोंग बदलतो ते हेन्शिन आणि वस्तू आकार बदलते ते हेन्केई. टाकाराचा सायबॉर्ग हेन्शिन करत असे, गाड्या हेन्केई करत. अमेरिकेहून परतलेल्या गाड्यांना आता जीव होता, स्वभाव होता, तरी जपानीत त्यांचे हेन्केईच राहिले. हा फरक इंग्रजीत उरत नाही. मराठीतही आपण दोन्हींना रूपांतर म्हणून मोकळे होतो.

या जुळवाजुळवीचे पुढे नियमित कामात रूपांतर झाले आणि मला तो भाग सर्वांत जास्त जवळचा वाटतो. सुरुवातीला अमेरिकेने तयार खेळणी निवडली. मग निवडण्यासारखी तयार खेळणी संपली, आणि नवी घडवावी लागली. ढोबळ वाटणी अशी बसली की पात्र कोण, त्याचा स्वभाव काय, ते किती मोठे, कुठल्या किमतीच्या पायरीवर बसणार आणि दोन्ही रूपांत कसे दिसावे हे ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला ठरायचे, आणि ते प्रत्यक्षात घडी होऊन दुसरे कसे होईल हे कात्सुशिकात सोडवले जायचे. चित्र जाते, त्यावर घडीचे आरेखन येते, त्यावर दुरुस्त्या जातात, हाताने जोडलेले नमुने होतात, पुन्हा दुरुस्त्या होतात. तोक्योचे घड्याळ ऱ्होड आयलंडच्या तेरा-चौदा तास पुढे. एकाने संध्याकाळी पाठवलेला प्रश्न दुसऱ्याच्या सकाळी टेबलावर असतो आणि त्याचे उत्तर पहिल्याच्या उशाशी. परदेशी गिऱ्हाइकांसाठी काम करताना हे मी अनुभवले आहे. दिवसा जे समजावून सांगता येत नाही ते रेखाटन करून पाठवावे लागते, आणि रेखाटनात मोघमपणाला जागा नसते. भाषेची अडचण ही अशा कामात कधीकधी वरदान ठरते, कारण तिच्यामुळे कोणी कोणाला शब्दांनी गुंडाळू शकत नाही.

घडीचा प्रश्न किती अवघड आहे हे सांगायचे तर आधी एक साधे गणित सांगावे लागेल. मोटारीचा जो पत्रा बाहेरून दिसतो तो यंत्रपुरुष झाल्यावर कुठेतरी गेलाच पाहिजे; तो नाहीसा होत नाही. चांगला आरेखक त्याची छाती करतो, पोटरी करतो, हातावरची ढाल करतो. जमले नाही तर तो पाठीवर लटकतो, आणि असे लटकलेले उरलेसुरले भाग या खेळण्यांचे शौकीन किबल म्हणून ओळखतात. प्रत्येक भाग दोन्ही रूपांत काही काम करतो का, हाच खरा कस. शिवाय प्रत्येक सांध्याला नेमके घर्षण हवे: सैल असेल तर पात्र उभे राहत नाही, घट्ट असेल तर आठ वर्षांच्या मुलाच्या हाताने ते तुटते. प्लास्टिक थंड होताना आकसते आणि ते आकसणे भिंतीच्या जाडीप्रमाणे बदलते, त्यामुळे कागदावर बसलेली घडी साच्यातून चाचणीसाठी काढलेल्या पहिल्या शॉटमध्ये बसेलच असे नाही. एका फुलदाणीच्या मोल्डला दोन अर्धी पुरतात. अशा खेळण्यात डझनांनी वेगळे भाग असतात आणि ते सगळे एकमेकांत सरकावे लागतात.

त्या भागांची संख्या मोजणारा हिशेबनीस सतत शेजारी बसलेला असतो. किमतीच्या पायरीवर किती भाग, किती रंगकाम, किती वजन हे ठरलेले. एकाच मोल्डमध्ये एकत्र पडणारे भाग एकाच रंगाच्या प्लास्टिकच्या दाण्यातून निघतात, म्हणून हात आणि पाय कुठल्या मोल्डमध्ये एकत्र ठेवायचे हे ठरवतानाच पुढे त्या खेळण्याची दुसरी रंगसंगती काय होऊ शकेल हे पाहिले जाते. मोल्ड महाग असतो, रंग स्वस्त. म्हणून एका मोल्डमधून अनेक पात्रे काढायची. हे काटकसरीचे धोरण पहिल्याच वर्षी दिसते: स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवॉर्प ही तिन्ही एकाच विमानाच्या साच्याची, फक्त रंग वेगळे. बुडियान्स्कींनी एकाला कपटी केले, एकाला साशंक केले, एकाला क्रूर विनोदी केले. माझ्या धंद्यात एका कॅव्हिटीतून, म्हणजे साच्यातल्या एका पोकळीतून, तीन माणसे काढण्याचा हा एवढा स्वस्त मार्ग दुसरा कोणी दाखवलेला नाही.

दोन देशांच्या सवयींचा संघर्षही वस्तूवरच उमटतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस खेळण्यातून उडणाऱ्या छोट्या क्षेपणास्त्रामुळे अमेरिकेत एका मुलाचा जीव गेला होता. त्यानंतर तिथे अशा खेळण्यांकडे फार काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले. जपानी गाड्यांची क्षेपणास्त्रे स्प्रिंगने उडत, अमेरिकेत विकताना त्या स्प्रिंग अशक्त केल्या गेल्या. माझ्या जीपच्या खांद्यावरचे क्षेपणास्त्र का उडत नाही म्हणून मी लहानपणी ती स्प्रिंग उपसून ताणली होती, ती अजून वाकडी आहे. पुढे २००३ मध्ये टाकाराने मोठ्या शौकिनांसाठी कॉन्व्हॉयचे एक दिमाखदार नवे रूप काढले. तेच हॅसब्रोने अमेरिकेत आणले तेव्हा ट्रकची धुराडी सुरक्षेसाठी आखूड केली. २००३ मध्येच दोघांनी मिळून खऱ्या मोटारींच्या चोविसाव्या हिश्श्याच्या प्रतिकृती केल्या, पण जपानी आवृत्तीत धातूचे भाग आणि रंगाचा मुलामा होता, तर अमेरिकन आवृत्ती प्लास्टिकची. आराखडा एकच. एका बाजूला कपाटात ठेवणारा गिऱ्हाईक दिसत होता, दुसऱ्या बाजूला जमिनीवर आपटणारा, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. माझे मत विचाराल तर आखूड धुराडी मला बघवत नाहीत. पण मी कधी कोणाच्या मुलाच्या डोळ्याची जबाबदारी घेतलेली नाही, तेव्हा ते मत जपून ठेवतो.

ही वाटणी कायम तशीच राहिली असेही नाही. १९९६ मध्ये मोटारी बाजूला ठेवून पशू आणले गेले, गोरिला आणि डायनोसॉर, तेव्हा काम हॅसब्रोच्या सिनसिनाटीतल्या केनर विभागातून चालले, आणि हातापायांना सगळीकडे वळणारे गोळीचे सांधे आल्याने खेळणी जिवंत माणसासारखी वळू लागली. २००२ पासून दोन्ही बाजूंनी एकच मालिका आधीपासून एकत्र आखायला सुरुवात केली. २००६ मध्ये टाकारा तोमी या दुसऱ्या जपानी कंपनीत विलीन झाली. २००७ च्या चित्रपटाने तर प्रश्नच उलटा केला: संगणकावर दहा हजारांहून अधिक भागांचा ऑप्टिमस प्राइम नाचवला गेला, आणि खेळण्याच्या आरेखकांना त्याची घडी काही डझन भागांत बसवायला सांगण्यात आले. तो चित्रपट मी पुण्यात थिएटरमध्ये पाहिला. शेजारचे लोक पडद्यावरचा स्फोट पाहत होते आणि मी खांद्याचा सांधा कुठे गेला हे शोधत होतो, जो, माझ्या मते, कुठेच गेला नव्हता. त्यांनी तो सरळ गिळून टाकला होता. प्लास्टिकला गिळता येत नाही.

सगळेच गोड होते असे मात्र मी म्हणणार नाही. खोक्यावर गोष्ट लिहिणाऱ्याचे नाव नसे, तसेच घडी सोडवणाऱ्याचेही नसे; पण अमेरिकेत कॉमिकवर लेखकाचे नाव छापलेले असल्यामुळे त्याचे थोडेफार तरी नाव झाले. योके आणि ओनो ही नावे अमेरिकन शौकिनांच्या तोंडी यायला मात्र बराच काळ जावा लागला. वस्तूचा जीव कोणी दिला आणि वस्तूचा देह कोणी दिला, यात जगाला जीव देणारा आधी आठवतो. आमच्या टूलरूममध्ये हा विषय निघाला तर संध्याकाळ पुरत नाही. मी त्यात बाजू घेतो, हे कबूल. ज्याने दहा मिलिमीटरच्या जागेत गुडघा, चाक आणि दार एकत्र बसवले त्याच्यापुढे मला चार ओळींचे व्यक्तिचित्र लहान वाटते. आणि तरीही त्या चार ओळी मी पाचवीत शब्दकोश घेऊन लावल्या होत्या, गुडघ्याकडे मी तेव्हा ढुंकूनही पाहिले नव्हते.

२०१६ मध्ये टाकारा तोमीने डायक्लोन पुन्हा सुरू केले. ते मोठ्या माणसांसाठी, महाग, आणि त्यात चालक परत आले आहेत, चुंबकाच्या पावलांचे, आता हातपाय वळणारे. एका मित्राने जपानहून येताना असा एक चालक माझ्यासाठी आणला. माझ्या जीपच्या सीटवर तो बसवताना माझा हात थोडा थरथरला. तो बसला नाही. नव्या चालकाची मांडी जुन्या सीटपेक्षा जाड आहे. व्हर्निअर लावून पाहिले, थोडक्यात अडते. टूलरूममध्ये सीट कोरून देणे हे मला दहा मिनिटांचे काम होते आणि मी जीप दोनदा बॅगेत घालून भोसरीला नेली, दोन्ही वेळा तशीच परत आणली.

गेल्या दिवाळीत मुलीने सोसायटीच्या आवारात किल्ला केला. तिला जीप हवी होती, मी दिली. "बाबा, ह्याचा ड्रायव्हर?" तिने विचारले, आणि मी चुंबकाचा चालक आणायला घरात गेलो. परत येईपर्यंत तिने दुसरीच व्यवस्था केली होती. मातीचा मावळा तिने सीटवर बसवण्याच्या फंदात न पडता बॉनेटवर उभा केला होता, बरोबर पांढऱ्या चांदणीवर, ढाल-तलवारीसकट, आणि जीप किल्ल्याच्या पहिल्या दरवाजाशी तोंड करून लावली होती. मी चालक खिशात ठेवला आणि पणत्यांसाठी तेल आणायला गेलो.